घरातलं जुनं सामान फुकट देताना समोरच्याला 'नको' म्हणता आलं पाहिजे

नवरात्राच्या आधी आपल्याकडं घरं आवरायला काढतात, वाकळा धुतात, माळ्यावरचं सगळं खाली येतं आन मग त्यातलं निम्मं परत वर ठेवायची इच्छा नसते. विकावं तर भाव येत नाही, फेकून द्यावं तर जीव होत नाही, म्हणून "कुणाला तरी देऊन टाकू" असं ठरतं. चांगलंच आहे, द्याच. पण द्यायचं कसं यावर आपण फारसं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहायलेय.

माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं. ज्याला देताय त्याला न लाजता, न घाबरता "नको" म्हणता आलं पाहिजे.

आता बघा, आपण सगळ्यात आधी कुणाला देतो? कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन काका, शेतातला सालगडी. हीच माणसं अशी आहेत ज्यांना आपल्याला नको म्हणता येत नाही, कारण उद्या परत आपल्याच दारात कामाला यायचंय. मालकीणबाईंनी बोचकं बांधून हातात दिलं की मावशी गपचूप घेऊन जातात, घरी उघडून बघतात तर त्यात चेन तुटलेली पँट आन विटलेले परकर, मग ते टाकायचं कामही त्यांच्याच गळ्यात. म्हणून बोचकं बांधूच नका. सामान खोलीत उघडं मांडून ठेवा आन म्हणा, "मावशी, हे काढून ठेवलंय, तुमच्या कामाचं काही असलं तर बघा, नसलं तर मी दुसऱ्यांना विचारणारच आहे." आन तिथून बाजूला व्हा. माणूस शेजारी उभा असला की निवडता येत नाही. त्यांनी दहातलं एकच उचललं तर एकच, "हे पण घ्या की, चांगलं आहे" असा आग्रह नको, तो जेवणात करा.

दुसरं म्हणजे दिलेलं सामान पैशात धरायचं नाही. जुना टीव्ही दिला म्हणून दिवाळीचा बोनस कमी, सालगड्याला पलंग दिला म्हणून सालाच्या बोलीत ओढाताण, साडी दिली म्हणून "जाता जाता माळा पण झाडून जा", हे मी लई घरांत बघितलंय आन मला ते अजिबात पटत नाही. ते देणं होत नाही, तो व्यवहार होतो आन तोही समोरच्याला न विचारता केलेला.

यामागं इतिहास पण आहे, तो विसरून चालत नाही. बलुत्याच्या काळात गावातले उतरलेले कपडे आन शिळंपाकं अन्न ठराविक वस्तीलाच जायचं, घेणाऱ्याला निवड नव्हती आन मानही नव्हता. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा म्हणून सांगितलं. मराठवाड्यात तर हा विचार घराघरात रुजलेला आहे. तेव्हा कुणी सरळ म्हणालं की "आम्ही वापरलेले कपडे घेत नसतो", तर त्यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही आन "एवढं चांगलं देत होतो तरी" असं मागं बोलायचं तर मुळीच नाही. बरं म्हणायचं आन विषय संपवायचा.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. धुतलेले, घडी केलेले, बटण-चेन-नाडी जागेवर असलेले एवढेच द्या. आतले कपडे देऊ नका. घरात कुणी वारलेलं असेल आन त्यांचे कपडे, अंथरूण द्यायचं असेल तर ते आधी सांगा. काही लोक अशा वस्तू घेत नाहीत, काहींना चालतं, पण ठरवायचा हक्क त्यांचा आहे, लपवून दिलं तर तो आपण काढून घेतो. दिवसाचंही तसंच. शनिवारी लोखंड देऊ-घेऊ नये हे तुम्ही मानत नसाल, समोरचा मानत असेल, "आज नेता का सोमवारी?" एवढं विचारायला काय जातंय. आन आपल्या पोरीचा फ्रॉक मावशींच्या पोरीच्या अंगावर दिसला तर चारचौघात "अगं हा तर आमच्या बाईचा" असं चुकूनही म्हणू नका, आपल्या पोरांनाही ते शिकवून ठेवा, विशेषतः दोघी एकाच शाळेत असतील तर. दिलं की ते तिचं झालं.

विजेच्या वस्तूंत मात्र सगळं खरं सांगावंच लागतं, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. आपल्याकडं सगळ्यात जास्त फिरतो तो पत्र्याचा कूलर. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशावर जातो, त्यामुळं कूलर म्हटलं की घेणारे दहा जण असतात. आन देणारा सहज सांगतो, "थोडा करंट मारतो, चप्पल घालून हात लावायचा." असा कूलर कुणालाच द्यायचा नसतो! ओला पत्रा, खाली ओली फरशी, घरात रांगणारं पोरगं, काय होऊ शकतं हे सांगायला नको. द्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, पंपाची वायर पाण्यात कुठं सोललेली आहे का, अर्थिंगची वायर जोडलेली आहे का, थ्री-पिन आहे का हे बघून घ्या. ज्या घरात जाणार तिथल्या बोर्डाला अर्थिंग आहे का हेही विचारा. दुरुस्त होत नसेल तर तो भंगारात जाऊ द्या. आन द्यायचा तर होळीच्या आसपास द्या. पाऊस सुरू झाल्यावर एका खोलीच्या घरात कूलर दिला तर आठ महिने तो ठेवायचा कुठं?

गॅसची शेगडी द्यायला हरकत नाही, पण जुनी नळी काढून टाका, सुरक्षा नळीची मुदत ५ वर्षांची असते. सिलिंडर कुणाला देऊ नका, तो कंपनीच्या मालकीचा असतो, नको असेल तर एजन्सीत कागदपत्रं घेऊन जमा करा, डिपॉझिट परत मिळतं. कुकर देताना रिंग आन सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. पडून आपटलेलं हेल्मेट देऊ नका, बाहेरून चांगलं दिसत असलं तरी. उरलेल्या गोळ्या-औषधं तर कुणालाच नाही, "मला याच तापावर दिल्या होत्या" म्हणून पण नाही.

आपल्याकडं अजून एक वस्तू आहे जी मागितली तर कुणीही लगेच नेतं, ती म्हणजे ड्रम. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरची वाट बघायची, मग पाणी साठवायला काहीही चालतं अशी गत असते. म्हणूनच इथं देणाऱ्याची जबाबदारी वाढते. एमआयडीसीतून आलेला निळा ड्रम, ज्यात आधी काय होतं ते तुम्हालाच माहीत नाही, तो पाण्यासाठी म्हणून देऊ नका. कापूस-सोयाबीनवर फवारलेल्या औषधाचे कॅन तर कितीही विसळले तरी घरात वापरायचे नसतात. ते तीनदा धुऊन, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, कॅनला भोकं पाडायची म्हणजे पुढं कुणी त्यात तेल-पाणी भरणार नाही.

मोबाईल देताना सिम आन मेमरी कार्ड काढा आन रिसेट करायच्या आधी गुगल अकाउंट काढून टाका, नाहीतर रिसेट झाल्यावर फोन तुमचंच अकाउंट मागत बसतो, घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही. कपाट देताना कप्पे नीट तपासा, पासबुक, आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड तिथंच सापडतं. आन एक गोष्ट जी कुणीच करत नाही. मोबाईल, सायकल, लॅपटॉप असं काही दिलं तर सोबत बिल द्या, बिल नसेल तर वस्तूचा नंबर टाकून, "ही वस्तू मी यांना दिली आहे" अशी सहीची चिठ्ठी द्या. गरीब घरच्या पोराच्या हातात चांगली वस्तू दिसली की लोक आधी चोरीचा संशय घेतात. तुमच्या एका चिठ्ठीनं ते पोरगं वाचतं.

लातूरमध्ये राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. मे महिन्यात नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची, परीक्षा झाली की ट्यूशन एरियातल्या खोल्या रिकाम्या व्हायला लागतात, गाद्या, बादल्या, टेबल फॅन, पुस्तकं तशीच टाकून पोरं गावी जातात, आन जूनमध्ये नवीन पोरं येऊन हेच सगळं विकत घेतात. खोली सोडायच्या आधी मेसवाल्या काकूंना किंवा घरमालकांना विचारून सामान एका जागी ठेवता येतं का बघा. पुस्तकावर वर्ष लिहा. २०२४ ला नीटचा अभ्यासक्रम कमी केलाय, त्याआधीचे नोट्स दिले तर नवीन पोरगं नको ते धडे पाठ करत बसेल. शाळेच्या पुस्तकांचंही तसंच, पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदललाय.

बीडकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना काही द्यायचं मनात असेल तर दसरा-दिवाळीच्या आत, ती माणसं गाडी भरायच्या आधी द्या. आधी विचारा काय नेता येईल. कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं, संसार ट्रॅक्टरमधून न्यायचा, तिथं काचेचं कपाट काय कामाचं, जाड चादरी, झाकणाचे डबे, पोरांचे स्वेटर, ताडपत्री हे कामाला येतं. शक्यतो थेट घरच्या बाईच्या हातात द्या.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार असाल तर उजेडात फोटो काढा, जिथं तुटलंय तिथला वेगळा फोटो टाका, माप लिहा, कितव्या मजल्यावरून उतरवायचं, लिफ्ट आहे का, हे पण लिहा. छोटा हत्ती टेम्पो करून न्यायचं म्हटलं तर भाडं घेणाऱ्याला पडतं आन वस्तू बिघडलेली निघाली तर ते फुकटातलं सामान त्याला महागात जातं. पहिल्या मेसेजवाल्यालाच दिलं पाहिजे असं काही नाही, संध्याकाळपर्यंत थांबा मग ठरवा, पण "तुम्हाला का पाहिजे, परिस्थिती कशी आहे" अशी चौकशी करू नका. देऊन झालं की "गेलं" म्हणून लिहा, नाहीतर लोक विचारत राहतात. घेणाऱ्याचा फोटो कुठंही टाकायचा नाही, त्यांनी हो म्हटलं तरी नाही, कारण हातात वस्तू असताना कोण नाही म्हणेल? आन त्यांनी पुढं ती वस्तू विकली तर विकू द्या. तुम्हाला ते खटकत असेल तर फुकट देऊ नका, कमी किमतीत विका, दोन्ही चालतं.

घेणाऱ्यांनीही वेळ दिली तर वेळेवर यावं, येणं होत नसेल तर फोन करावा, घरपोच मागू नये, आन आल्यावर वस्तू पसंत नाही पडली तर तसं तोंडावर सांगावं, त्यात काही वाईट नाही.

पूर येतो तेव्हा ही शिस्त जास्त लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडकडं घरात चिखल शिरला होता, धान्य, चारा, पोरांची दप्तरं सगळं गेलं. अशा गावात न विचारता जुन्या कपड्यांचा ट्रक पाठवला तर तो उतरवायला, निवडायला, उरलेलं टाकायला त्याच थकलेल्या माणसांना लागावं लागतं. आधी गावातल्या कुणाला तरी फोन करून यादी घ्या आन यादीतलंच पाठवा.

एवढं करूनही जे कुणी घेत नाही ते माणुसकीच्या भिंतीखाली (लोक नको असलेलं सामान जिथं गरजूंसाठी ठेवतात) किंवा देवळाच्या पायरीवर गुपचूप ठेवून यायचं नाही, पावसात भिजून तिथं नुसता ढीग होतो. सुती कपड्याची फडकी करा. लोखंड, प्लास्टिक भंगारवाल्या भाऊंना द्या. बंद पडलेला मिक्सर, टीव्ही, चार्जर यासाठी ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडंच द्या, आन सीएफएल, ट्यूब फोडून टाकू नका, त्यात पारा असतो, कागदात गुंडाळून घंटागाडीवाल्या दादांना वेगळं द्या आन आत काय आहे ते तोंडानं सांगा.