पळसाचा नुसता रंग टिपायचा असेल तर

फाल्गुनात धुऱ्यावरचा पळस पेटतो, पण फोटोत विजेच्या तारा, वाळल्या काड्या, कचरा सगळंच येतं आणि केशरी रंग हरवतो. अशा वेळी कॅमेरा मुद्दाम हलवा, म्हणजे बारीकसारीक सगळं पुसट होऊन नुसत्या रंगाच्या रेघा उरतात.

१. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, छिद्र (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) एफ/१६ म्हणजे बारीक, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/८ सेकंद. ऊन चढायच्या आत काढा, नंतर फोटो पांढरा पडतो.

२. बुंध्यापासून शेंड्याकडे कॅमेरा सरळ वर न्या आणि हात चालू असतानाच बटण दाबा. थांबून दाबलं तर रेघा उमटत नाहीत. सागाच्या उभ्या खोडांवर तर हे फारच देखणं दिसतं.

मोबाईल असेल तर प्रो मोड (ज्यात शटर वगैरे आपल्या हाताने ठरवता येतं) लावा, दिवस मावळल्यावर काढा आणि उजेड जास्तच वाटला तर गॉगलची काच लेन्सपुढे धरा.

मोह गळायच्या दिवसांत अस्वलं झाडाखाली येतात, तेव्हा पहाटे जंगलाकडेला एकटं जाऊ नका.