ओळ अडली की काय करावं? अलंकार ओळखण्याची एक रीत

अप्पा बळवंत चौकातून व्याकरणाचं पुस्तक आणायचं, अलंकारांची नावं पाठ करायची आणि परीक्षेत 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा लिहून मोकळं व्हायचं, असंच आपण बहुतेक जण शिकलो. माझी पुतणीही तसंच करायची. 'सकाळपासून पाऊस सारखा पडतोय' या वाक्यापुढे तिनं 'उपमा' लिहिलं होतं. इथे 'सारखा' म्हणजे सतत. तुलना कशाशीच नाही. तेव्हापासून आम्ही दोघी नाव शेवटी शोधतो, अर्थ आधी.

पायरी १ : कुठे अडतं ते पाहा

ओळ अगदी सरळ, शब्दाला शब्द धरून वाचा. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली.' रणांगणावर बांगड्या कुठून आल्या? अडलं, तिथेच बोट ठेवा. सरळ अर्थ (अभिधा) बसत नाही, म्हणून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घ्यायचा, हीच लक्षणा. बांगडी फुटते ती मागे राहिलेल्या बायकोची. म्हणजे १७६१ च्या त्या लढाईत पडलेले सैनिक या वाक्यात कुठेच नाहीत, मोजले आहेत ते घराघरांतले हात. 'सव्वा लाख माणसं मेली' म्हटलं असतं तर आकडा तोच राहिला असता, पण माजघरातलं रडणं ऐकू आलं नसतं.

पायरी २ : कोण आणि कशासारखं

आता तुलना घेऊ. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला. कुणी म्हणालं, 'मुठा वाघिणीसारखी धावत आली.' जिचं वर्णन चाललंय ती मुठा, म्हणजे उपमेय. जिची उपमा दिली ती वाघीण, उपमान. धावत येणं हा दोघींतला समान गुण. 'सारखी' हा जोडणारा शब्द. चारही हाती लागले, ही उपमा.

हेच वाक्य वहीत थोडं थोडं बदलून लिहा. 'मुठा जणू वाघीणच': दोन्ही एकच आहेत असं वाटू लागलं, ही उत्प्रेक्षा. 'मुठा-वाघीण पुलावर चढली': वेगळेपण उरलंच नाही, हे रूपक. 'ही मुठा नव्हे, ही वाघीण': उपमेय नाकारलं, ही अपन्हुती. चार नावं सुटी पाठ करण्यापेक्षा एकच नदी चार वेळा लिहून पाहावी, फरक कायमचा डोक्यात बसतो.

पायरी ३ : हेच उपमान का?

माझ्या मते सगळी गंमत या प्रश्नात आहे, आणि वर्गात तोच विचारायचा राहतो.

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना सावकारी भाषेत निरोप गेल्याचं सांगतात: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. उपमेय वाक्यात आलेलंच नाही. उपमानानं ते गिळून टाकलंय. निरोप वाटेत दुसऱ्याच्या हाती पडला तर त्याला तो हिशेबाचा कागद वाटावा, ही सोय त्यात आहेच. पण उतरंड पाहा. मोती मोजले, खुर्दा मोजलाच नाही. कोणाचा मृत्यू नोंदवायचा आणि कोणाचा नाही, हे त्या चिल्लरीनं सांगून टाकलं. मला ही ओळ वाचताना दर वेळी त्या खुर्द्याचंच वाईट वाटतं.

सराव करताना उपमान बदलून पाहा. मुठेला वाघिणीऐवजी नागीण म्हणा. झेप गेली, डरकाळी गेली, वळणं आणि सळसळ आली. पुराला वाघीण शोभते. उन्हाळ्यातल्या बारीक धारेला नागीण.

पायरी ४ : कान लावा

काही अलंकार अर्थात नसतात, शब्दातच असतात. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं तर अनुप्रास, चरणाशेवटी जुळलं तर यमक; मोठ्यानं वाचलं की लगेच कळतं. श्लेषाला मात्र थांबावं लागतं, कारण तिथे एकाच शब्दाचे दोन अर्थ एकदम चालतात.

मंडईत एखादी बाई म्हणते, 'टोमॅटो सध्या भाव खातोय.' भाव म्हणजे दर, आणि भाव खाणं म्हणजे ऐट करणं. शिवाय टोमॅटो माणसासारखा वागतोय, म्हणजे चेतनगुणोक्तीही आली. एका वाक्यात दोन अलंकार असू शकतात, तेव्हा एक सापडला म्हणून वही मिटू नका.