बाँडवर शहापूरकडे येताय? लहान मुलांच्या टीबीबद्दल थोडं

एमबीबीएसनंतर माझं बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष शहापूर तालुक्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेलं. ठाण्याहून कसारा लोकल, आसनगावला उतरायचं, पुढे जीप. नवीन येणाऱ्यांना एकच सांगते, लहान मुलात टीबी शोधताना फक्त लॅबच्या रिपोर्टवर बसू नका.

मोठ्या माणसाचा बेडका मिळतो, तीन-चार वर्षांचं पोर तो गिळून टाकतं. शिवाय मुलांच्या टीबीत जंतूच कमी असतात, त्यामुळे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या मशीनवरच्या तपासण्या) निगेटिव्ह आलं तरी टीबी असू शकतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी मी चुकलेच.

एक कातकरी आई तिच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली, संध्याकाळी ताप आणि खोकला. मी दोनदा अँटिबायोटिक दिलं, मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवून पोटातलं पाणी (गिळलेला बेडका जठरात जातो, ते नळीने काढलेलं पाणी) तपासून घेतलं, निगेटिव्ह आलं आणि मी आईला सांगून टाकलं की टीबी नाहीये. महिन्याभराने अंगणवाडीतल्या ताई वजनाचं रजिस्टर घेऊन आल्या, चार महिन्यांचे आकडे ९.२, ९.१, ९.२, ९.२ किलो. आणि म्हणाल्या, मॅडम, हिची आजी वीटभट्टीवरून आल्यापासून खोकतेय, कोणी विचारलंच नाही. आजीचा बेडका पॉझिटिव्ह निघाला, मुलीच्या एक्सरेत गाठी दिसल्या. तो महिना माझ्यामुळे वाया गेला, ते अजून लागतं मनाला.

म्हणून दोन आठवड्यांच्या वर ताप किंवा खोकला असेल, वजन वाढत नसेल तर पहिलं विचारा, घरात कोण खोकतंय? नुसतं "घरात कुणाला टीबी आहे का" विचारलं तर नाहीच म्हणतात, मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते ना. ओपीडीच्या गर्दीत तर टीबी हा शब्द काढूच नका, बाजूला घेऊन बोला.

माँटू टेस्टचं (हाताच्या कातडीत सुई टोचून टीबीचा संसर्ग पाहतात ती) पण तसंच. सुई आज टोचली की ४८ ते ७२ तासांत वाचायची, म्हणजे आईची दोन दिवसांची मजुरी बुडणार, मग ती येत नाही आणि आपण फाईलवर लिहितो "पेशंट आला नाही". मी सोमवार-मंगळवारी टोचायचे आणि आशाताईंबरोबर पाड्यावर जाऊन वाचायचे. पण कुपोषित मुलात टीबी असूनही हात फुगत नाही, हे लक्षात ठेवा. पोटातलं पाणी पहाटे उपाशीपोटी काढतात, त्यासाठी आदल्या रात्री ॲडमिट व्हावं लागतं, घरी दुसरं तान्हं असेल तर आई कशी राहणार? डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये मुलांच्या शौचाच्या नमुन्यावरही सीबीनॅट चालते असं सांगितलंय, तुमच्या लॅबला नक्की विचारा.

मोठा पेशंट सापडला की त्याच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला तपासा, टीबी नसेल तर प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करा.

आणि दिवाळीनंतर ही कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा उपचार अर्धवट असतात. त्याआधीच निक्षयवर (टीबी पेशंटच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) ट्रान्सफर करा, भट्टीच्या शेठचा नंबर घ्या, आणि डोस वजनावर असतो म्हणून निघताना वजन करा. आमची ती मुलगी गेली तेव्हा १०.४ किलो होती.