इन्सुलिन टोचायला शिकवणारा व्हिडिओ कसा करावा

नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या पेशंटला दवाखान्यात एकदा दाखवून भागत नाही. घरी पुन्हा पाहता येईल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर द्या. त्यात फक्त टोचणे असावे. साखर अचानक उतरली तर काय करायचे, याचा वेगळा व्हिडिओ त्याच दिवशी द्या.

सुरुवात बाटली आणि सिरिंजच्या क्लोजअपने करा, कारण सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत एका मिलीत 40 युनिट असतात. त्यांना लाल टोपणाची यू-40 सिरिंज लागते. तीच बाटली नारिंगी टोपणाच्या यू-100 सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरली, तर पोटात जातात फक्त 8 युनिट. उलट, 100 युनिटवाली बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने 20 पर्यंत भरली तर 50 युनिट जातात, आणि ते जिवावर बेतू शकते. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग निदान पाच सेकंद पडद्यावर राहू द्या. पिवळ्या बल्बखाली लाल-नारिंगीतला फरक कळत नाही, म्हणून शूटिंग दिवसा खिडकीपाशी करा.

मोबाइल टोचणाऱ्याच्या खांद्यामागून धरा. समोरून घेतले की पाहणाऱ्याचे डावे-उजवे उलटते. पंखा बंद ठेवा, कॉलरला माइक लावा.

मग क्रमाने: हात धुणे, दुधाळ इन्सुलिन असेल तर बाटली तळहातांत हळूच 10 ते 20 वेळा फिरवणे (जोरात हलवली की फेस येतो), डोसइतकी हवा बाटलीत सोडून बाटली उलटी धरून भरणे, टिचकी मारून बुडबुडे काढणे, बेंबीपासून दोन बोटे सोडून टोचणे, आणि दट्ट्या पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढणे. हे दहा आकडे एडिटिंगमध्ये अजिबात कापू नका. कापले तर पेशंटही लगेच सुई ओढतो आणि औषधाचा थेंब कातडीवर परत येतो.

भरताना एखादा आकडा उच्चारला की काही जण तोच आपला डोस धरतात. त्याऐवजी ‘डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेत तेवढे युनिट’ असे म्हणा. रोज जागा बदलायची, हेही दाखवा. एकाच ठिकाणी टोचत राहिल्याने गाठी होतात आणि तिथे इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

व्हिडिओ दाखवून झाल्यावर ‘समजलं ना?’ असे विचारू नका, सगळे होच म्हणतात. इन्सुलिनच्या रिकाम्या बाटलीत सलाइन भरून ती हातात द्या आणि ‘काका, आता मला करून दाखवा’ म्हणा. तीन-चार जण एकाच पायरीवर अडले, तर तेवढा शॉट पुन्हा घ्या.