सांगली-मिरजेतनं कन्नड कॉमेडी पिक्चर बघायला सुरुवात कशी करायची

मिरजेतनं निघून म्हैसाळ मागं टाकलं की कागवाडपासनं कन्नड पाट्या सुरू होतात, जतमधे तर आपल्याच जिल्ह्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तरी आपल्याकडं कन्नड पिक्चर म्हणजे हिंदी डबिंगमधली मारामारी एवढंच बघितलं जातं आणि कॉमेडी राहूनच जाते. मला याचं खरंच वाईट वाटतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' नाटक केलं ते कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून, म्हणजे आपलं हे नातं आजचं नाही.

तर आधी डबिंग बंद करा. ऑडिओत जाऊन कन्नड निवडा, सबटायटल बहुतेक इंग्रजीच मिळतील, चालतंय. या पिक्चरांमधला निम्मा हशा बोलीवर असतो, मंगळूरचा माणूस वेगळा बोलतो, मंड्याचा वेगळा, धारवाडचा आणखी वेगळा, आणि हिंदीत सगळे एकाच सुरात बोलायला लागले की मजाच जाते. शब्द सुटला तरी हेल कळतो. अथणी-विजापूरकडच्या लोकांचं 'हौद्री' (होय हो), 'येन्री' (काय हो) आपल्या कानावर असतंच, सुरुवातीला तेवढं पुरतं.

पहिला पिक्चर माझ्या मते एकच, ऋषभ शेट्टीचा 2018 चा 'सरकारी हि. प्रा. शाले, कासरगोडु', म्हणजे कासरगोडची सरकारी उच्च प्राथमिक शाळा, पूर्ण नाव आणखी लांब आहे. 'कांतारा'च्या आधीचा हा. कासरगोड 1956 नंतर केरळात गेलं, पण तिथं कन्नड बोलणारे लोक आणि कन्नड शाळा राहिल्या, तर अशाच एका शाळेत कन्नड न येणारा मल्याळी मास्तर पाठवतात आणि पुढं शाळाच बंद करायची वेळ येते. मग पोरं मदत शोधत म्हैसूर गाठतात आणि तिथनं भलत्याच माणसाला घेऊन येतात, ते काम कन्नडमधला जुना नट अनंत नागनं केलंय. पुढं कोर्टातला भाग आहे तो हसत हसत बघताना घसा दाटतो. याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. सीमेवरच्या शाळेची गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, म्हणूनच सुरुवात इथनं करा, आणि पोरांना घेऊन बसा.

घरात म्हातारी माणसं असतील तर 1990 चा 'गणेशन मदुवे' लावा. परत अनंत नागच. एकाच वाड्यासारख्या वस्तीतले भाडेकरू, त्यातला हिरो शेजारणीशी रोज भांडतो आणि एका गायिकेला प्रेमपत्रं लिहितो, ती गायिका म्हणजे तीच शेजारीण हे त्याला माहीतच नाही. अनंत नागनं मुंबईत मराठी नाटकं केलेली आहेत हे आधी सांगा, आईवडील आपुलकीनं बघतात. त्यांना इंग्रजी सबटायटल वाचायला लावू नका, थोडं कन्नड येणारं कुणीतरी शेजारी बसवा, पण त्यानं प्रत्येक वाक्य सांगत बसायचं नाही, सीन संपला की दोन शब्दात सांगायचं.

कॉलेजची पोरं असतील तर 'किरिक पार्टी', 2016 चा, इंजिनिअरिंग हॉस्टेलचा, त्याला काही तयारी लागत नाही.

'ओंदु मोट्टेय कथे'ला मात्र लागते. राज बी. शेट्टीचा 2017 चा पिक्चर, टक्कल पडलेल्या कन्नडच्या लेक्चररचं लग्न जमत नाही, आणि हा माणूस कन्नड पिक्चरचा सगळ्यात मोठा हिरो डॉ. राजकुमारचा कट्टर भक्त आहे. राजकुमार कर्नाटकाला काय आहे हे डोक्यात नसेल तर बरंचसं हसू हुकतं, म्हणून आदल्या दिवशी राजकुमारची चार-पाच गाणी ऐकून घ्या.

'तिथि' सगळ्यात शेवटी. मंड्याकडचं गाव, 101 वर्षांचा म्हातारा जातो, अकराव्याचं जेवण घालायचंय, नातवाला जमीन विकायचीय, पण मधला म्हातारा, म्हणजे नातवाचा बाप, हयात आहे आणि त्याला जमिनीचं काही पडलेलंच नाही, मग नातू त्या जिवंत बापाचाच मृत्यूचा दाखला काढतो. सगळे गावातलेच लोक, नट कुणी नाही, आणि पिक्चर सावकाश चालतो. पाहुणे जमलेत, जेवणं चाललीत अशा वेळी हा लावू नका. रात्री दोघं-तिघं बसून बघा, मोबाईल लांब ठेवा, आणि पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटलं तरी बंद करू नका.