इटलीतले सुट्टीचे घर आणि तिथवरचा गाडीप्रवास : या चुका टाळा

नोकरीनिमित्त म्युनिक, स्टुटगार्ट किंवा झुरिक परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाला इटलीत छोटेसे घर घ्यावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. म्युनिकहून आल्प्समधील ब्रेनर खिंडीमार्गे व्हेरोना सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे शुक्रवारी दुपारी निघून रात्रीचे जेवण गार्दा सरोवराकाठच्या आपल्या घरी करता येते, निदान कागदावर तरी. अशा घरमालकांच्या बहुतेक अडचणींचे मूळ मात्र एकच असते. घराचा मालक असणे आणि त्या गावचा रहिवासी असणे या दोन गोष्टी इटलीच्या कायद्याने पूर्णपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. मालकाला कर भरावे लागतात, पण रहिवाशाचे हक्क आपोआप मिळत नाहीत. पुढील चुका याच फरकाकडे डोळेझाक केल्याने होतात.

कर वाचवण्यासाठी नावापुरते रहिवासी होणे

ही चूक सर्वांत महागात पडते आणि ती बहुधा कोणाच्या तरी 'अनुभवी' सल्ल्यावरून होते. खासगी विक्रेत्याकडून घर घेताना राहत्या घरावर २ टक्के आणि दुसऱ्या घरावर ९ टक्के नोंदणी कर लागतो. हा कर बाजारभावावर नव्हे, तर 'रेन्दिता कातास्ताले' म्हणजे सरकारी भूनोंदीतील मानीव उत्पन्नावरून काढलेल्या मूल्यावर आकारता येतो, मात्र खरेदीदाराने खरेदीखताच्या वेळी तशी मागणी करावी लागते. समजा, हे मानीव उत्पन्न ५०० युरो आहे. दुसऱ्या घरासाठी त्याला १२६ ने गुणून ६३,००० युरो मूल्य येते आणि ९ टक्क्यांनी कर ५,६७० युरो होतो. राहत्या घरासाठी गुणक ११५.५ आहे, म्हणजे मूल्य ५७,७५० आणि कर अवघा १,१५५ युरो. साडेचार हजार युरोंचा हा फरक पाहून मोह होतो, शिवाय रहिवाशाला विजेचे बिलही कमी येते.

पण २ टक्क्यांच्या सवलतीसाठी १८ महिन्यांच्या आत त्या नगरपालिकेच्या हद्दीत खरोखर वास्तव्य हलवावे लागते. तसे केले नाही, तर वाचवलेला कर, त्यावर ३० टक्के दंड आणि व्याज असा हिशेब पुढ्यात येतो. आणि रहिवासी म्हणून नोंद केलीच, तर गाडी अडचणीत येते. इटलीचा रहिवासी झालेल्या माणसाला आपली परदेशी नोंदणीची गाडी तीन महिन्यांच्या आत इटलीत नोंदवून घ्यावी लागते. २०२२ पासून लागू असलेला हा नियम पोलीस गांभीर्याने घेतात आणि गाडी जप्तही होऊ शकते. जर्मनीत नोकरी, जर्मन नंबरप्लेट आणि इटलीत 'राहते घर' असे दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही. ज्याला सुट्टीचेच घर हवे आहे, त्याने ९ टक्के भरावेत आणि शांतपणे झोपावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोटरीवर सगळे सोपवून मोकळे होणे

इटलीतील नोटरी, म्हणजे 'नोतायो', मालकी आणि बोजे तपासतो, कर वसूल करून सरकारजमा करतो. परंतु तो घर पाहायला जात नाही. मागच्या अंगणातली पडवी परवानगीशिवाय बांधली आहे का, नकाशात गोठा दाखवलेल्या जागी प्रत्यक्षात न्हाणीघर आहे का, हे तपासण्याचे काम 'जेओमेत्रा' या स्थानिक तंत्रज्ञाचे आहे, आणि ते बयाणा देण्यापूर्वीच झाले पाहिजे. प्रत्यक्ष बांधकाम आणि भूनोंदीतील नकाशा यांचा मेळ असल्याचे खरेदीखतात नमूद करणे २०१० पासून बंधनकारक आहे, त्यामुळे विसंगती उशिरा उघडकीस आली तर व्यवहार ऐन वेळी अडतो. घराबरोबर ऑलिव्हची किंवा द्राक्षांची जमीन येत असेल, तर शेजारच्या कसणाऱ्या शेतकऱ्याला ती आधी विकत घेण्याचा हक्क असू शकतो. त्याला रीतसर कळवले नाही, तर खरेदी नोंदल्यापासून वर्षभरात तो तुमच्याच किमतीला ती जमीन सोडवून घेऊ शकतो.

'आपलेच घर' म्हणून पोलिसांना न कळवणे

भारतीय पारपत्र आणि जर्मन निवास परवाना असलेल्या व्यक्तीला इतर शेंगेन देशांत (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहता येते. इटलीत घर असल्याने या मर्यादेत एका दिवसाचीही वाढ होत नाही. त्यामुळे 'उन्हाळाभर तिकडूनच लॅपटॉपवर काम करू' हा बेत आधी दिवस मोजून मगच आखावा. याशिवाय शेंगेन देशातून इटलीत आलेल्या युरोपीय संघाबाहेरील नागरिकाने आठ दिवसांच्या आत आपल्या उपस्थितीची घोषणा पोलिसांकडे करायची असते. हॉटेलात उतरणाऱ्यांना हे ठाऊकही नसते, कारण हॉटेलवाला त्यांची माहिती परस्पर कळवतो. स्वतःच्या घरात उतरणाऱ्यासाठी हे करणारे कोणी नसते.

पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा महिनाभर राहायला येतात, तेव्हा आणखी एक कर्तव्य येते. युरोपीय संघाबाहेरील व्यक्तीला आपल्या घरात राहू देणाऱ्याने, मग ती सख्खी आई का असेना, ४८ तासांच्या आत लेखी कळवणे इटलीच्या कायद्याने आवश्यक केले आहे. गावात पोलीस कचेरी नसेल, तर ही नोंद नगरपालिकेत महापौरांच्या नावे देता येते. अर्ज एका पानाचा असतो. सोबत घराचा तपशील, पाहुण्याच्या पारपत्राची प्रत आणि व्हिसाची प्रत जोडावी. पोच घ्यायला विसरू नये.

मित्रमंडळींना भाड्याने घर देताना 'आपल्याच माणसांकडून थोडे पैसे घेतले' ही सबब चालत नाही. अल्पमुदतीच्या भाड्यासाठी घराचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, गॅस व कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र, अग्निशामक आणि पाहुण्यांची २४ तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर नोंद, हे सगळे लागते.

ब्रेनरच्या वाटेवरचे गैरसमज

ऑस्ट्रियाचा महामार्ग परवाना, म्हणजे 'विन्येट', घेतला की ब्रेनरपर्यंतचे पैसे भरले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कुफस्टाइनकडून इन्सब्रुकपर्यंतच्या रस्त्याला विन्येट लागतो आणि तिथून खिंडीपर्यंतच्या ए-१३ मार्गाला निराळा टोल आहे. उलट चूकही होते: टोल ऑनलाइन भरला, म्हणून विन्येट घेतलाच नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून सरहद्दीपासून कुफस्टाइन-झ्यूडपर्यंतचा छोटा तुकडा विन्येटमुक्त आहे, पण त्यापुढे सवलत नाही.

ए-१३ वरील लुएग पूल जुना झाल्याने १ जानेवारी २०२५ पासून त्यावर एरवी प्रत्येक दिशेला एकच मार्गिका चालू असते. गर्दीच्या ठरावीक दिवशीच दोन मार्गिका खुल्या होतात. ईस्टर, पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा ख्रिस्ती सण) आणि उन्हाळी सुट्टीच्या शनिवारी इथे अडकायचे नसेल, तर पहाटे निघावे किंवा दिवस बदलावा. कोंडी दिसताच फोनवरचा नकाशा गावातल्या रस्त्याने जायला सांगतो, आणि नेमकी इथेच गल्लत होते. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात सुट्ट्यांच्या काळात शनिवार-रविवारी केवळ पलीकडे जाणाऱ्या वाहनांना महामार्ग सोडून गावांत शिरायला मनाई असते आणि पोलीस गाड्या परत फिरवतात. वाया जाणारा वेळ रांगेतल्या वेळेपेक्षा जास्त असू शकतो.

स्टुटगार्टकडच्या लोकांना स्वित्झर्लंडमधून गोटहार्ड बोगद्याचा मार्ग जवळचा वाटतो. तिथला विन्येट ४० फ्रँकचा आणि वर्षाचाच मिळतो. परंतु घर लावायला कपाटाचे भाग, स्वयंपाकाची शेगडी, गाद्या असे नवे सामान गाडीत असेल, तर हा मार्ग टाळावा; स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेर आहे आणि नुसते पलीकडे नेण्याचे सामानही मर्यादेपलीकडे असल्यास जाहीर करावे लागते. सायकली गाडीच्या मागे लावल्या असतील, तर इटलीत शिरण्यापूर्वी लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची ५० सेंटिमीटर चौरस परावर्तक पाटी लावावी.

जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर २०१५ पासून तपासणी ठेवली आहे. परतताना मुलांसह प्रत्येकाचे मूळ पारपत्र आणि निवास परवाना हाताशी असावा. फोनमधला फोटो पुरत नाही.

टोलनाक्यावर घाबरून गाडी मागे घेणे

इटलीच्या महामार्गावर शिरताना तिकीट घ्यायचे आणि उतरताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे असतात. पिवळ्या फलकाची मार्गिका 'टेलेपास' यंत्र असलेल्यांची, निळी कार्डाची आणि पांढरी रोख रकमेची. चुकून पिवळ्या मार्गिकेत शिरलात, तर मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी गाडी मागे घेऊ नये. तो गुन्हा टोल बुडवण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. खांबावरचे 'आस्सिस्तेन्झा' (मदत) लिहिलेले बटण दाबावे. पलीकडून आवाज येतो, कॅमेऱ्यात नंबर टिपला जातो, यंत्रातून एक लांबट चिठ्ठी बाहेर येते आणि अडसर वर होतो. त्या चिठ्ठीवरची रक्कम १५ दिवसांत ऑनलाइन भरली की प्रश्न मिटतो. कार्ड चालले नाही तरीही हाच उपाय. तिकीट हरवले, तर मात्र सर्वांत दूरच्या नाक्यापासूनचा टोल आकारला जाऊ शकतो, म्हणून ते एका ठरलेल्या जागीच ठेवावे. मिलानच्या उत्तरेकडील पेदेमोन्ताना मार्गावर नाकेच नाहीत. कॅमेरे नंबर टिपतात आणि १५ दिवसांत आपण होऊन पैसे भरायचे असतात.

जुन्या गावाच्या वेशीतले कॅमेरे

'झोना आ त्राफिको लिमितातो', म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र, हे शब्द आणि लाल वर्तुळाची पांढरी पाटी ओळखता यायलाच हवी. फ्लोरेन्स, पिसा, व्हेरोना यांसारख्या शहरांत आणि कित्येक लहान गावांतही जुन्या वस्तीत ठरावीक वेळी परवाना नसलेल्या गाड्यांना बंदी असते. पाटीखालच्या प्रकाशफलकावर 'वार्को आत्तीवो' असे दिसले, तर कॅमेरा चालू आहे आणि आत जायचे नाही; 'वार्को नोन आत्तीवो' असेल, तर जाता येते. आत्तीवो हा शब्द वाचून प्रवेश सुरू आहे असे समजणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा लागतो, त्यामुळे वाट चुकून तीन फेऱ्या मारणाऱ्याला तीन नोटिसा येतात.

आपले घरच या हद्दीत असेल, तर परवाना घरमालक म्हणून आपोआप मिळत नाही. नगरपालिकेत अर्ज करून गाडीचा नंबर यादीत घालावा लागतो. गाडी बदलली की नवा नंबर कळवावा, ही साधी गोष्ट हमखास राहून जाते.

नोटीस परदेशी पत्त्यावर ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते, म्हणून सुट्टी संपून दहा महिने झाले तरी निश्चिंत होऊ नये. ती आल्यावर आधी नंबर, तारीख आणि ठिकाण पडताळावे. चूक आपली असेल, तर पाच दिवसांत भरल्यास ३० टक्के सूट मिळते. हरकत घ्यायची असेल, तर पैसे भरू नयेत, कारण भरणा म्हणजे कबुली. प्रीफेक्टकडे, म्हणजे प्रांतातील केंद्र सरकारच्या प्रतिनिधीकडे, ६० दिवसांत दाद मागता येते, पण ती फेटाळली गेली तर रक्कम साधारण दुप्पट होते. परदेशात राहतो म्हणून दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही, कारण ७० युरो आणि त्यापुढील दंडाची वसुली जर्मन यंत्रणेमार्फत होऊ शकते.

घराची देखभाल करणाऱ्या स्थानिक माणसाच्या हाती आपली जर्मन गाडी देतानाही सावध असावे. तो इटलीचा रहिवासी असल्याने त्याच्याजवळ मालकाचे सहीचे आणि तारीख सिद्ध करता येईल असे पत्र हवे, आणि वापर ३० दिवसांहून अधिक असेल तर त्या वापराची सरकारी नोंदणीही. सुट्टीवर आलेल्या बाबांना थोडा वेळ चालवायला द्यायची, तर मूळ लायसन्स आणि आरटीओने दिलेले आंतरराष्ट्रीय परमिट दोन्ही हवीत, आणि विम्यात त्यांना चालक म्हणून मुभा आहे ना, हे आधी पाहावे.

वीज, थंडी आणि न येणारे बिल

घरी पोहोचल्यावर पाणी तापवायचा बॉयलर, ओव्हन आणि एसी एकदम लावले की अंधार होतो. हा बिघाड नसतो. इटलीत घरगुती जोडणी सर्रास ३ किलोवॉटची असते आणि थोड्या सवलतीपलीकडे भार गेला की मीटरच पुरवठा तोडतो. घरातला फ्यूज बोर्ड तपासत बसण्याऐवजी एखादे उपकरण बंद करून मीटरची कळ वर करावी. मीटर बहुधा फाटकाजवळच्या कोनाड्यात किंवा इमारतीच्या तळघरात असतो, म्हणून त्याची जागा आणि कुलपाची किल्ली पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावी. वारंवार असे होत असेल, तर ४.५ किंवा ६ किलोवॉटचा करार करून घेता येतो. डोंगराळ भागातले घर हिवाळ्यात बंद ठेवताना मुख्य नळ बंद करणे पुरेसे नाही. नळ्यांतले आणि बॉयलरमधले पाणी काढून टाकावे, नाहीतर ते गोठून नळ्या फुटतात आणि गळती वसंतात कळते.

दुसऱ्या घरावरचा नगरपालिका कर, 'इमू', भरताना बिलाची वाट पाहणे ही चूक अनेकांकडून होते. हा कर मालकाने स्वतः काढून १६ जून आणि १६ डिसेंबर अशा दोन हप्त्यांत भरायचा असतो. वरच्याच उदाहरणात ५०० युरो मानीव उत्पन्न ५ टक्क्यांनी वाढवून १६० ने गुणले की ८४,००० येतात. नगरपालिकेचा दर १.०६ टक्के असेल, तर वर्षाचा कर ८९०.४० युरो होतो. कचऱ्याचा कर, 'तारी', याहून निराळा असतो आणि त्यासाठी घराची नोंद आपणच करायची असते. हप्ता चुकला, तर नोटीस येण्यापूर्वी आपण होऊन थोड्या दंडासह भरण्याची सोय आहे आणि जितके लवकर भरावे तितका दंड कमी. पुढे कायमचे भारतात परतलात, तर परदेशात असताना घेतलेले हे घर ठेवायला फेमा या परकीय चलनविषयक भारतीय कायद्याची आडकाठी नाही. मात्र आयकरदृष्ट्या पूर्ण निवासी झाल्यावर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दाखवावेच लागते, मग त्यातून एक रुपयाही भाडे येत नसले तरी. ते न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.