फिनाले लिगुरेला माउंटन बाइक चालवताय? या चुका टाळा

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर, फिनाले लिगुरेत कॉफी पीत बसलं की मागचे डोंगर किरकोळ दिसतात. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या माणसाला तर ही टेकाडंच वाटतात. फसगत इथूनच सुरू होते. कोल्ले देल मेलोन्यो खिंडीकडे निघालात की समुद्रसपाटीपासून थेट १००० मीटरच्या वर चढायचं असतं. शटलच्या गाडीने गेलात तर पाय वाचतात, पण खाली लोक पोहत असताना वर बीचच्या जंगलात (बीच म्हणजे झाड, किनारा नव्हे) ऑक्टोबरात दात वाजतात. पातळ विंडचीटर बॅगेत असूच द्या.

सगळ्यात जास्त माणसं टायरमुळे अडकतात. खालच्या पट्ट्यातला दगड म्हणजे प्रसिद्ध ‘पिएत्रा दि फिनाले’, शिंपल्यांच्या खुणा असलेली सच्छिद्र चुनखडी. फिनालबोर्गोच्या, म्हणजे फिनालेच्या जुन्या गावाच्या, भिंतींत ती फार देखणी दिसते. पायवाटेवर तिच्याच कडा टायरची बाजू फाडतात. हलके टायर घरीच ठेवा, जाड बाजूचे ट्यूबलेस लावा. घरच्या मातीच्या वाटेवर मी मागच्या टायरात हवेचा दाब २२ पीएसआय ठेवतो, तिथे २७. पहिल्या दिवशी मी ते केलं नाही. उतारावर ‘टक्’ असा आवाज आला, रिम आणि दगडाच्या मध्ये टायर चिमटला, आणि पांढरं सीलंट (ट्यूबलेस टायरातलं भोक बुजवणारं द्रव) पिंडऱ्यांवर उडालं. भोक लहान असेल तर रबरी प्लग बसतो. बाजू चिरली असेल तर प्लगच्या नादी लागू नका. आतून टायरचा जाड तुकडा लावा, ट्यूब घाला आणि हळू उतरा.

दुसरा घोळ ब्रेकचा. नवखा माणूस भीतीने पूर्ण उतारभर दोन्ही ब्रेक घासत येतो. पॅड तापतात, करकर सुरू होते, मग लिव्हर हँडलपर्यंत येतो. वळणाआधी जोरात दाबा आणि सोडून द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, दहा मिनिटं थांबा. गार झाल्यावरही लिव्हर मऊच असेल तर तेलात हवा शिरली आहे आणि ते काम दुकानातलं. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, अशी तक्रार असेल तर पॅड काढून पाहा: आरशासारखे चकाकत असतील तर पॉलिश पेपरवर घासा, तेलकट असतील तर सरळ बदला. इथल्या लांब उतारांना धातूचे पॅडच बरे.

पावसानंतर घाई करू नये. टायरांनी आणि बुटांनी घासून गुळगुळीत झालेली चुनखडी ओली झाली की शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्यांसारखी होते. दगडावर चढायच्या आधीच वेग कमी करा आणि वर असताना ब्रेकला हात नको.

पाण्याबाबत आपण भारतीय निष्काळजी, ‘मिळेल वाटेत’ म्हणतो. चुनखडीत पाणी मुरतं, आणि दुपारी खेड्यातली दुकानं बंद असतात. तीन लिटर घेऊन निघा.

शरद ऋतूत आणखी एक गोष्ट असते, शिकार. इटलीत शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. या डोंगरांत रानडुकरांमागे माणसं लागलेली असतात. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला बंदी असते, म्हणून जंगलातली मोठी राइड त्या दिवशी ठेवा. इतर दिवशी भडक रंगाचा टी-शर्ट घाला, आणि बंदुकीचे आवाज येत असतील तर मुकाट्याने वाट बदला.

आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) सुटा हँगर, म्हणजे तो सायकलीला जोडणारा ॲल्युमिनियमचा तुकडा, बरोबर न्याच. प्रत्येक सायकलीचा वेगळा, दुकानात तुमचा नेमका नसतोच. माझा वाकला तो वाल पोन्चीच्या दरीत, रोमन रस्त्यावरच्या पुलाजवळ. ऑगस्टसच्या काळातला, इ.स.पू. १३ चा तो रस्ता. मी तिथे बसून हाताने ॲल्युमिनियम सरळ करत होतो. ते मोडलं.